नौपाड्यातलं माइंड-बॉडी काउन्सेलिंग, माझा अनुभव

ठाण्यात नौपाड्याच्या बाजूला एका मॅडमकडे थेरपी चालू केलीये, कोणी विचार करत असेल तर सांगते. मला वाटलेलं की त्या सल्ले देत बसतील, पण त्यांनी आधी विचारलं की तुम्हाला इथून काय हवंय, झोप कशी आहे, जेवण वेळेवर होतं का, टेन्शन आलं की अंगात कुठे जाणवतं. मी म्हटलं जबड्यात, दात आवळले जातात. त्या म्हणाल्या, आत्ता बोलतानाही आवळलेत बघा! खरंच आवळले होते. मग पाय जमिनीला नीट टेकवून श्वास, घेताना छोटा, सोडताना लांब. श्वास सोडताना व्हेगस नर्व्हमुळे (मेंदूतून हृदय-पोटाकडे जाणारी नस) हृदयाचे ठोके जरा मंदावतात हे त्यांनी नीट समजावलं म्हणून पटलं, नुसतं 'डीप ब्रीदिंग करा' म्हणणारे ढिगाने भेटतात.

पुढे काय करायचं ते आम्ही दोघी मिळून ठरवतो, एखादी गोष्ट नको वाटली तर नाही म्हणता येतं आणि त्या खरंच सोडून देतात, मला हेच सगळ्यात जास्त आवडलं. थायरॉईड आणि बी-१२ चेक करून घ्या म्हणाल्या, आणि गोळ्या लागल्याच तर सायकियाट्रिस्टकडे जायचं, त्या देत नाहीत, हे स्वतःहून क्लिअर केलं.

फी कमी नाहीये, शनिवारचे स्लॉट पण पटकन भरतात. ज्यांना परवडत नाही त्यांनी सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, फ्री आहे, २४ तास चालू असतं, मराठीतही बोलता येतं.