तांबट आळीतली जीभ साफ करायची तांब्याची पट्टी: सहा महिन्यांच्या वापरानंतर

मी प्राथमिक शाळेत शिकवते. चौथीच्या वर्गात मुलाच्या शेजारी वाकून वही तपासताना आपला श्वास थेट त्याच्या तोंडावर जातो, याची मला गेली अनेक वर्षे सतत जाणीव असते. दोन्ही वेळा दात घासूनही दुपारी बाराच्या सुमारास, म्हणजे सकाळच्या चहानंतर चार-पाच तास अखंड बोलणे झाल्यावर, तोंडाला एक शिळा वास येत असे. बडीशेप, लवंग, पेपरमिंटच्या गोळ्या असे सगळे करून पाहिले. गोळी विरघळेपर्यंत बरे वाटे आणि पाऊण तासात पुन्हा तेच. शेवटी दातांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी हिरड्या तपासल्या, एक किडकी दाढ भरली आणि जाता जाता चमच्याची एक साधी चाचणी सांगितली. चमचा उलटा धरून जिभेच्या मागच्या भागावरून हलकेच पुढे ओढायचा, मिनिटभर थांबायचे आणि मग तो नाकाजवळ न्यायचा. घरी तसे केले, तेव्हा चमच्यावर पिवळसर पांढरा चिकट थर आला आणि वर्गात मला जाणवणारा वास अगदी तोच निघाला.

जिभेचा पृष्ठभाग गुळगुळीत नसतो. त्यावर असंख्य बारीक अंकुर असतात आणि त्यांच्या खाचांत अन्नाचे कण, गळून पडलेल्या मृत पेशी आणि नाकामागून घशात उतरणारा कफ साचत राहतो. हवा पोहोचत नाही अशा या खाचांत राहणारे जिवाणू त्यातील प्रथिने फोडतात आणि गंधकयुक्त वायू तयार होतात. सडक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड हा त्यांपैकीच एक. लाळ हा थर काही प्रमाणात धुऊन काढते, पण झोपेत लाळ फारच कमी स्रवते, म्हणून सकाळी उठल्यावर वास अधिक जाणवतो. सतत बोलण्याने तोंड कोरडे पडते, तेव्हाही थोडेफार असेच घडते. गोळीच्या सुगंधाने हा थर तसूभरही हलत नाही.

मी लहान असताना आमच्या घरी आजोबा दोन बोटे जिभेवर घासून, मोठ्याने खाकरत जीभ साफ करीत. मी मात्र ब्रशच्या मागे असलेल्या रबरी खडबडीत भागावर समाधान मानत आले होते. चमच्याच्या चाचणीनंतर प्रथम प्लास्टिकची पट्टी आणली. ती जिभेवर दाब पडताच वाकत असे आणि थर नुसताच पसरवत असे. मग ऑनलाइन मागवलेल्या एका तांब्याच्या पट्टीच्या कडेला पत्रा कापताना राहिलेले बारीक काटे होते, ते मला दिसले नाहीत आणि दुसऱ्याच दिवशी जिभेच्या कडेला चीर पडली. आठवडाभर तिखट खाता आले नाही.

त्यानंतर मी पुण्यातल्या कसबा पेठेतील तांबट आळीत गेले. पेशवाईपासून तांब्या-पितळेची भांडी घडवणाऱ्या कारागिरांची ही वस्ती. आजही तिथे मठारकामाचे, म्हणजे भांड्यावर हातोडीने नक्षीसारख्या खुणा उमटवण्याचे, ठोके रस्त्यावर ऐकू येतात. एका लहानशा दुकानात घंगाळे आणि तांब्यांच्या रांगेखाली, एका डब्यात या पट्ट्या ठेवलेल्या होत्या. मी धारेबद्दल विचारताच दुकानदार काकांनी एक पट्टी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, “ताई, कडेवरून अंगठा सावकाश फिरवा. कुठे अडकला तर घेऊ नका, दुसरी बघा.” मी चार पट्ट्या पाहिल्या. एकीच्या टोकाशी अंगठा किंचित अडखळला, तेव्हा त्यांनी ती बाजूला काढली आणि लगेच कानस मारायला घेतली. घेतलेल्या पट्टीचे मी १२० रुपये दिले.

पट्टी इंग्रजी यू अक्षराच्या आकाराची आहे. दोन्ही टोकांना बोटे नीट बसतील अशी पकड आहे आणि मधला भाग दाबला तरी वाकत नाही एवढी जाडी आहे. कडा मात्र पूर्ण गोलवलेल्या आहेत, आणि या वस्तूचा खरा गुण मी हाच मानते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात जीभ साफ करण्याच्या साधनांसाठी सोने, रूपे, तांबे, कथील आणि पितळ असे धातू सांगितले आहेत. जाहिरातींत या यादीतले तांबे तेवढे उचलले जाते. पण त्याच ठिकाणी हे साधन धारदार नसावे आणि वाकवलेले असावे असेही सांगितले आहे, आणि माझ्या जिभेला पडलेली चीर आठवली की ग्राहकाने आधी पाहायची गोष्ट तीच, हे पटते.

तांब्याबद्दलचा दावाही नीट तपासून घ्यावा असा आहे. तांब्याच्या पृष्ठभागावर जिवाणू मरतात हे खरेच आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००८ साली तांब्याच्या मिश्रधातूंची तशी नोंदणीही केली. परंतु त्यासाठी धरलेला संपर्काचा काळ दोन तासांचा आहे, आणि पट्टी जिभेवरून फिरते ती जेमतेम दहा-पंधरा सेकंद. त्यामुळे तांबे जिभेवरचे जंतू मारते असे सांगून कोणी दुप्पट किंमत मागत असेल, तर ती देऊ नये. दिवसभर मोरीत टांगलेली पट्टी स्वतः स्वच्छ राहते एवढा फायदा मला मान्य आहे. चांगल्या कडेची स्टीलची पट्टी जिभेवरचा थर तितकाच काढील, असे माझे मत आहे.

वापराची पद्धत मी थोडी बदलून घेतली. पूर्वी मी दात घासून झाल्यावर जीभ साफ करीत असे आणि मग खळखळून चुळा भरीत असे. आता उठल्यावर प्रथम पट्टी, मग दातांच्या फटींत दोरा आणि शेवटी फ्लोराइडची पेस्ट असा क्रम ठेवला आहे. पेस्टनंतर फक्त थुंकते, भरपूर पाण्याने चुळा भरत नाही, म्हणजे फ्लोराइड दातांवर अधिक वेळ राहते. जीभ बाहेर काढून, पट्टी जमेल तितकी मागे टेकवून, हलक्या हाताने एकाच दिशेने पुढे ओढायची, दर वेळी पाण्याने धुवायची. चार-पाच वेळा पुरे होते. सुरुवातीला मला उबळ येई. श्वास सोडताना पट्टी मागे नेली की ती येत नाही, हे चौथ्या-पाचव्या दिवशी जमले. जीभ लाल होईपर्यंत घासणे चूक आहे, आणि तोंड आले असेल तेव्हा मी पट्टीला हातही लावत नाही.

परिणाम पहिल्याच आठवड्यात जाणवला. दुपारी बाराला येणारा वास पूर्ण गेला असे म्हणणार नाही, परंतु तो आता मधल्या सुट्टीत दोन घोट पाणी पिऊन चूळ भरली की आवरतो. २००६ सालच्या एका कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे आधीच्या वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या अहवालात, जीभ खरवडण्याचे साधन ब्रशपेक्षा या वायूंचे प्रमाण अधिक कमी करते असे दिसले होते. मात्र तो निष्कर्ष अवघ्या दोन चाचण्यांवर आणि चाळीस जणांवर आधारलेला होता आणि परिणाम थोडाच वेळ टिकणारा होता. माझा अनुभवही याच्याशी जुळतो. एक दिवस खंड पडला की दुसऱ्या दिवशी थर पुन्हा दिसतो.

ही पट्टी काय करू शकत नाही, तेही सांगायला हवे. लसणाचा ठेचा खाल्ल्यानंतरचा वास काही अंशी रक्तातून फुप्फुसांत येऊन श्वासावाटे बाहेर पडतो, त्यामुळे जीभ कितीही साफ केली तरी तो काही तास राहतोच. हिरड्यांतून रक्त येत असेल, दाढ किडली असेल, दातांवर कीटण साचले असेल किंवा टॉन्सिलमध्ये खडे धरत असतील, तर दुर्गंधीचे मूळ तिथे आहे आणि पट्टी घेण्याआधी डॉक्टरांना दाखवले पाहिजे. मिश्री किंवा तंबाखू लावणाऱ्या बायकांना मी हे विशेष कळकळीने सांगते, कारण आमच्या शाळेतल्या कितीतरी मुलांच्या आया अजूनही दात मिश्रीनेच घासतात. दातांसाठीच्या पेस्ट आणि पावडरींत तंबाखू घालण्यास सरकारने १९९२ मध्ये बंदी केली, पण घरी भाजलेल्या मिश्रीला कोण अडवणार? तोंडातला पांढरा किंवा लाल डाग, न भरणारी जखम ही पट्टीने घासण्याची गोष्ट नाही. त्यासाठी त्याच आठवड्यात दवाखाना गाठावा.

तांबे काळवंडते, हा या पट्टीचा एकमेव कंटाळवाणा भाग. आठवड्यातून एकदा चिंच आणि मीठ लावून ती धुते आणि कोरडी पुसते. तोंडात जाणारी वस्तू असल्यामुळे भांडी उजळवायची पावडर मी वापरत नाही.

गेल्या महिन्यात आईसाठी दुसरी पट्टी आणायला गेले. तिला खालची कवळी आहे आणि तोंड फारसे उघडत नाही, असे सांगताच काकांनी पट्टी लाकडी ठोकळ्यावर धरून दोन्ही टोके जवळ आणली, कडा पुन्हा तपासली आणि जादा पैसे घेतले नाहीत. प्रत्येकाची पट्टी वेगळीच असावी, म्हणून आईच्या पट्टीला मी लाल दोरा बांधला आहे आणि ती मोरीतल्या वेगळ्या खिळ्याला टांगलेली असते.