दीड टनी इन्व्हर्टर स्प्लिट एसी: पैसे कुठल्या भागावर घालावेत?

पाच स्टारचा दीड टनी एसी बघायला गेलं की दुकानात आधी वायफाय आणि चारी दिशांना हलणारी झडप दाखवतात. थंडावा येतो तो मात्र चार भागांतून: कॉम्प्रेसर, बाहेरची कंडेन्सर कॉइल, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह आणि आतली इव्हॅपोरेटर कॉइल. आतल्या कॉइलमध्ये गॅस खोलीतली उष्णता शोषतो, कॉम्प्रेसर त्याला दाबतो, बाहेरची कॉइल ती उष्णता हवेत सोडते आणि व्हॉल्व्ह दाब उतरवून त्याला परत आत धाडतो.

हे चक्र पूर्ण बंद असतं. त्यामुळे 'वर्षभरात गॅस संपला' असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. गॅस वापरून संपत नाही, गळतो. आधी नायट्रोजनचा दाब देऊन, जोडांना साबणाचं पाणी लावून गळती शोधायची, ती बंद करायची, मग व्हॅक्युम करून (पंपाने आतली हवा आणि ओलावा ओढून काढून) गॅस भरायचा. हल्लीच्या बहुतेक मॉडेलांत आर-३२ हा गॅस असतो आणि तो लेबलवर लिहिलेल्या वजनाइतकाच, काट्यावर मोजून भरावा. तो सौम्य ज्वलनशील आहे, म्हणून गॅस भरलेल्या पाइपवर ब्रेझिंग (ज्योतीने तापवून धातूचा सांधा जोडणं) कधीही करू द्यायचं नाही.

कॉम्प्रेसर हा या यंत्राचा सर्वांत भरवशाचा भाग. इन्व्हर्टरमुळे तो बंद-चालू न होता गती कमी-जास्त करतो आणि वीज तिथेच वाचते. पण खोली मोठी आणि एसी लहान असेल तर तो सतत पूर्ण गतीने पळतो, बचत उरत नाही. साधारण १२० ते १८० चौरस फुटांना दीड टन पुरतो. वर तापणारा स्लॅब असेल तर एवढ्याच जागेला तो कमी पडू शकतो. 'दीड टन' या शब्दावर न जाता लेबलवरची क्षमता वाचा. १ टन म्हणजे सुमारे ३.५ किलोवॅट, म्हणजे दीड टनाला ५.२ किलोवॅटच्या आसपास हवी. दीड टनी म्हणून विकली जाणारी काही मॉडेलं यापेक्षा बरीच कमी असतात. लेबलवरची वार्षिक युनिटं १६०० तासांच्या वापरावर काढलेली असतात. तुमचा वापर त्याहून जास्त असेल तर बिलही त्या प्रमाणात वाढणार.

१० वर्षांची कॉम्प्रेसर वॉरंटी मोठ्या अक्षरांत छापतात, पण बिघडतात जास्त करून पीसीबी (यंत्र चालवणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड) आणि कॉइल. पीसीबीला व्होल्टेजचा चढउतार मारतो. बाहेरच्या युनिटमध्ये पाल शिरून शॉर्ट होणं हेही आपल्याकडे नेहमीचंच. म्हणून पीसीबीवर ५ वर्षं वॉरंटी देणारं मॉडेल थोडं महाग असलं तरी घ्यावं. जाहिरातीतल्या 'स्टॅबिलायझर नको' याचा अर्थ ठरावीक व्होल्टेजच्या मर्यादेतच नको, एवढाच.

कॉइल तांब्याचीच बरी, कारण गळली तर ब्रेझिंग करून दुरुस्त होते. कोकणात, मुंबईत, गोव्यात खाऱ्या हवेने पंखपत्रे गंजतात. तिथे गंजरोधक लेप असलेलीच कॉइल पाहा आणि बाहेरचं युनिट गटाराच्या तोंडाशी बसवू नका, तिथले वायू तांबं पोखरतात. विदर्भात प्रश्न वेगळा. लेबलवरची क्षमता बाहेर ३५ अंश असताना मोजलेली असते. नागपूर-चंद्रपूरच्या ४५ अंशांत ती घटते, म्हणून तिथे किती तापमानापर्यंत यंत्र चालतं हा आकडा आधी विचारा.

जोडणीचा दिवस मात्र यंत्राइतकाच मोलाचा, आणि घाई नेमकी तिथेच होते. व्हॅक्युम पंप किमान २० मिनिटं चालायला हवा. पंप न आणता थोडा गॅस सोडून हवा 'हाकलणारा' माणूस आत ओलावा ठेवून जातो. हा ओलावा कॉम्प्रेसरमधल्या तेलाशी मिसळून कॉम्प्रेसर खराब करतो. फ्लेअर नट (तांब्याच्या पाइपचं पसरवलेलं तोंड युनिटला जोडणारा नट) कमी आवळला तर गॅस गळतो, जास्त आवळला तर तांबं चिरतं. ड्रेन पाइपला सलग उतार हवा. ट्रेमध्ये तांब्याभर पाणी ओतून ते बाहेर पडतंय का ते तिथेच बघा. आत पाणी टपकण्याचं कारण बहुधा हा उतार किंवा तुंबलेली नळी असते. कॉइलवर बर्फ जमत असेल तर आधी फिल्टर धुवा. उन्हाळ्यात तो दर पंधरा दिवसांनी धुवावाच. तरीही जमला तर गॅस कमी झाल्याची शंका घ्या.

सही करण्याआधी एसी सर्वांत कमी तापमानावर १५ मिनिटं चालवा. आतल्या युनिटमध्ये वरून आत जाणाऱ्या आणि खालून बाहेर पडणाऱ्या हवेत १० ते १२ अंशांचा फरक मिळायला हवा. दमट हवेत तो थोडा कमी येतो, पण ८ च्या खाली गेला तर जोडणी पुन्हा तपासून घ्या.