एक दिवस हाताशी आहे: भंडारा-आंधळगाव की वर्धा?

लग्नकार्याला नागपूरला आलेले पाहुणे हमखास विचारतात, "एक दिवस मोकळा आहे, जुनं किंवा हातानं घडवलेलं काही घ्यायचं तर कुठं जावं?" मी दोनच वाटा सांगतो. साठेक किलोमीटरवरचं भंडारा आणि तिथून पुढे मोहाडी तालुक्यातलं आंधळगाव, नाहीतर पाऊणशे किलोमीटरवरचं वर्धा.

वर्धा सोपं आहे. १९३८ साली गांधीजींच्या हस्ते उघडलेलं मगन संग्रहालय बघावं, चरखे आणि ग्रामोद्योगाची अवजारं डोळ्यांखालून घालावीत, नैसर्गिक रंगातली खादी घ्यावी. सेवाग्राम तिथून जवळच. सोबत लेकरं किंवा म्हातारी माणसं असतील तर बिनदिक्कत इकडेच जा.

पण कापड विणताना बघायचं असेल तर आंधळगाव. इथं दुकानांची रांग शोधू नका. गल्लीत उभं राहून कान द्या, खटखट ऐकू आली की माग चालू आहे. ढिवर समाजाचे लोक ऐन-अर्जुनाच्या झाडांवर कोशाचे किडे पाळतात, त्या कोशांपासून निघालेला हा मधासारखा पिवळसर रेशमी धागा म्हणजे कोसा. करवतकाठी साडीला तीन धोटे (आडवा धागा इकडून तिकडे नेणारी अवजारं) लागतात: दोन काठांचे, एक अंगाचा. काठाचा धागा अंगाच्या धाग्यात अडकवत नेतात, त्यातूनच करवतीचे दात उमटतात. विणकर ते दात बोटानं चाचपून बघतो आणि मगच पुढचा धोटा टाकतो. ते बघितल्यावर मला साडीचा भाव जास्त वाटला नाही.

शहरातल्या एका दुकानात मी 'कोसा' म्हणून घेतलेल्या कापडाचा धागा जाळला, तर त्याची प्लास्टिकसारखी टणक गोळी झाली. खऱ्या रेशमाला जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटात चुरते. घेण्याआधी एक सुटा धागा मागून घ्या.

जुन्या वस्तूंसाठीही भंडाराच, कारण हे पितळेचं गाव. गुंड (पाण्याची भांडी), कोपर (पसरट पराती), गंज (स्वयंपाकाची पातेली), समया वजनावर मिळतात. मोडीत आलेलं भांडं दिसलं तर काठाखाली बघा, ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं एखाद्या बाईचं नाव सापडतं. असं भांडं मी चकचकीत नव्यापेक्षा आधी उचलतो. मात्र शंभर वर्षांहून जुनी मूर्ती किंवा नाणी कुणी दाखवली तर हात लावू नका. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार परवान्याशिवाय त्यांचा व्यापार करता येत नाही. आणि गंज स्वयंपाकाला घेणार असाल तर आधी कल्हई करून घ्या.