पाळीव प्राण्याच्या आठवणींची पेटी: माती उत्तम, पुस्तिका मात्र दुरुस्त करून वापरावी

आमचा कुत्रा बंड्या तेरा वर्षांचा होऊन मेला, त्याला आता दोन वर्षे होतील. पशुवैद्यांनी फार दिवस उरलेले नाहीत असे सांगितल्यावर आम्ही आठवणींची पेटी हा मुलांसाठीचा संच मागवला होता. त्यात पंजाचा ठसा घेण्यासाठी हवेवर वाळणारी माती, केस ठेवण्याची छोटी बाटली, लाकडी पेटी, कोरी पाने, वर्षातून एकदा वाचायची काही कार्डे आणि पालकांसाठी एक पुस्तिका असते. दोन वर्षे वापरून झाल्यावर लिहीत आहे, कारण अशा वस्तूचा कस पहिल्या आठवड्यात लागत नाही.

मातीबद्दल तक्रार नाही. ठसा प्राणी जिवंत असतानाच घ्यावा, म्हणजे त्या कामात मुलांनाही हात लावता येतो आणि निरोपाची सुरुवात त्यांच्या देखत होते. पंजा आधी किंचित ओला केला की माती केसांना चिकटत नाही. थर बोटभर जाडीचाच ठेवावा आणि सावलीत दोन-तीन दिवस, अधूनमधून उलटवत, वाळू द्यावा, कारण उन्हात घाईने वाळवलेल्या मातीला तडे जातात. आमच्या ठशात चार बोटांच्या गाद्या आणि मागची मोठी गादी स्पष्ट उमटली आहे. कडेला दोन करडे केस अडकले आहेत आणि त्यांच्याशेजारी धाकटीच्या नखाची चंद्रकोर आहे, कारण ठसा घेताना तिने पंजा सोडलाच नव्हता.

खरी अडचण पुस्तिकेची आहे. मुलांना 'तो शांत झोपी गेला' किंवा 'तो दूरच्या प्रवासाला गेला' असे सांगावे, असा सल्ला तिच्यात आहे आणि आम्ही तो पाळला. धाकटी तेव्हा चार वर्षांची होती. त्यानंतरच्या आठ-दहा रात्री ती डोळे मिटायला तयार नव्हती आणि दिवसा दाराची कडी वाजली की पट्टा घेऊन धावायची. मानसशास्त्रज्ञ मारिया नागी यांनी हंगेरीतील मुलांशी बोलून केलेला आणि १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास नेमके हेच सांगतो: पाच वर्षांखालील मुलांना मृत्यू हा झोपेसारखा किंवा प्रवासासारखा, म्हणजे परत येण्याजोगा वाटतो, आणि तो अटळ आहे ही समज साधारण नवव्या वर्षाच्या सुमारास पक्की होते. इतकी जुनी गोष्ट पुस्तिका लिहिणाऱ्यांना ठाऊक नसावी, याचे आश्चर्य वाटते.

अर्थात दोष सगळा त्यांच्या माथी मारणे बरोबर नाही, कारण आपल्या भाषेलाच ही सवय आहे. आपण 'गेला' म्हणतो आणि मोठ्यांना ते कळते, पण चार वर्षांचे मूल 'कुठे गेला? कधी येणार?' असे विचारते. 'मेला' हा शब्द आपल्या कानांना शिवीसारखा लागतो. अखेर मी तोच वापरला: बंड्या मेला, म्हणजे त्याचा श्वास थांबला, आता त्याला दुखत नाही, भूक लागत नाही आणि तो परत येणार नाही. ती खूप रडली आणि त्या रात्री झोपली. पुस्तिकेतील ती दोन पाने मी चिकटवून टाकली आहेत.

थोरला दहा वर्षांचा होता. त्याने पेटीकडे पाठच फिरवली आणि गळ्यातला पट्टा आत ठेवू दिला नाही. मुलाला सहभागी व्हायचे नसेल तर काय करावे, याबद्दल संचात अवाक्षर नाही. आम्ही पट्टा खुंटीवर राहू दिला.

कार्डांमध्ये मृत्यूच्या तिथीला पेटी उघडण्याची सूचना आहे. आम्ही त्याऐवजी बंड्या घरी आला तो दिवस धरला आणि कार्डे बाजूला ठेवून कोरी पाने घेतली, जी माझ्या मते या संचातील सर्वांत मोलाची गोष्ट आहेत. त्या संध्याकाळी प्रत्येकाने एक आठवण सांगायची आणि ती पानावर लिहायची किंवा काढायची, असे ठरले. नियम धाकटीचा: त्याचा एखादा वाईटपणाही सांगितलाच पाहिजे. पहिल्या वर्षी थोरला दारात उभा राहून नुसता ऐकत होता. दुसऱ्या वर्षी, मी सांगितलेली चपलेची आठवण चुकीची आहे, चप्पल डाव्या पायाची होती, असे म्हणत तो आत आला आणि माळ्यावरून ती कुरतडलेली चप्पल शोधून घेऊन आला.

संच घ्यावा का, तर घ्यावा, पण आपले शब्द आणि आपला दिवस आपणच ठरवण्याची तयारी असेल तर. पेटी मात्र मोठी हवी होती. चप्पल आत ठेवल्यापासून झाकण लागत नाही, म्हणून थोरल्याने खुंटीवरचा पट्टा काढून तो पेटीभोवती आवळला आहे.