सीझनभर एकाच साइटवर कॅरॅव्हॅन: मार्च ते ऑक्टोबरचा अनुभव

२०२३ च्या मार्चपासून ऑक्टोबर संपेपर्यंत आमची चार बर्थची टूरिंग कॅरॅव्हॅन (गाडीमागे ओढून न्यायचं चाकांवरचं घर) इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर डॉर्सेटमध्ये, स्वानेजजवळच्या एका साइटवर उभी होती. इथे याला सीझनल पिच म्हणतात. कॅरॅव्हॅन आपली, जागा त्यांची, भाडं एकरकमी किंवा हप्त्यांनी, आणि सीझन संपला की आपलं बिऱ्हाड ओढून न्यायचं. स्टॅटिक, म्हणजे साइटवर कायमची बसवलेली कॅरॅव्हॅन हा वेगळा प्रकार आहे, त्याच्या वाटेला आम्ही गेलो नाही. रेडिंगमधले दोन-चार मित्र सारखं विचारतात, ‘घ्यावं का रे?’ त्यांच्यासाठी हे जरा सविस्तर.

पैसे वाचतील म्हणून घेणार असाल तर नका घेऊ. आम्ही पाहिलेल्या साइट्सचं भाडं दीड हजारापासून साडेतीन हजार पौंडांपर्यंत होतं, आमचं सव्वीसशे. कॅरॅव्हॅन एरवी जिथे ठेवतो त्या स्टोरेजचे तेवढ्या महिन्यांचे चारशेक वाचले असं धरा. उरले बावीसशे. रात्रीला पस्तीस पौंड घेणाऱ्या साइटवर एवढ्यात साठाहून जास्त रात्री राहता येतं. नोकरी, मुलांची शाळा, शनिवारचे पोहण्याचे क्लास सांभाळून एवढ्या रात्री कोणाच्या होतात? आमच्या तर जवळपासही पोचल्या नाहीत. वर विजेचं मीटर वेगळं.

तरीही मी खूश आहे, कारण आम्ही विकत घेतली ती शुक्रवारची संध्याकाळ. एरवी काय व्हायचं? स्टोरेजवर जा, व्हॅन (म्हणजे कॅरॅव्हॅनच) गाडीला जोड, मागचे दिवे तपास, लांब आरसे लाव. मग मोटरवेवर साठ मैलांची मर्यादा, साध्या रस्त्यावर पन्नासची, तीन लेन असतील तिथे उजवी लेन बंद. पोचल्यावर अंधारात लेव्हल बघत व्हॅन मागेपुढे करायची, कोपऱ्यांचे पाय खाली सोडायचे, पाणी भरायचं, केबल टाकायची. तोवर नवरा-बायकोत अबोला. (टो करायची, म्हणजे व्हॅन ओढायची परीक्षा द्यावी लागेल का, असं नवीन मंडळी विचारतात. नाही. १९९७ नंतर लायसन्स काढलेल्यांनाही १६ डिसेंबर २०२१ पासून इथे साध्या कार लायसन्सवर साडेतीन टनांपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो. आपली गाडी तेवढं वजन ओढू शकते का, ते मात्र बघावंच लागतं.) आता लॅपटॉप मिटला, मुलीला मागे बसवलं, फ्रीजमधले डबे उचलले की निघालो. पोचल्यावर कुलूप उघडायचं आणि चहा टाकायचा.

म्हणूनच साइट निवडताना तिथलं शॉवर ब्लॉक नि खेळाचं मैदान नंतर बघा. आधी शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता घरून निघून एकदा तिथवर गाडी चालवून या. आमच्या समोरचं कुटुंब नॉटिंगहॅमहून यायचं. ईस्टरला आले, मग थेट शाळेच्या सुट्टीत. मधल्या काळात त्यांचं ऑनिंग, म्हणजे व्हॅनला जोडलेला तंबू, हिरवं पडलं आणि भाडं तेवढंच गेलं. दोन-अडीच तासांच्या पलीकडची साइट कितीही सुंदर असो, सीझनल पिचसाठी बाद.

आमचा रस्ता म्हणजे एम ३, एम २७, न्यू फॉरेस्टमधून ए ३१ आणि शेवटी वेअरहॅमहून ए ३५१. हा शेवटचा तुकडा फार छळतो. परबेकच्या, म्हणजे स्वानेजच्या आसपासच्या भागाच्या, त्या टोकाला जाणारी बहुतेक सगळी गर्दी कॉर्फ कॅसलच्या चिंचोळ्या गावातून जाते. २०२३ च्या मे महिन्यात राजे चार्ल्स यांच्या राज्याभिषेकामुळे तीन बँक हॉलिडे आले, तेव्हा तिथून दिसणारा १६४६ साली पाडलेला तो किल्ला आम्ही भरपूर वेळ न्याहाळला. सँडबँक्सहून स्टडलंडला जाणारी साखळीवरची फेरी हा दुसरा मार्ग, पण उन्हाळ्यात तिलाही रांग. आमचा तोडगा म्हणजे शुक्रवारी आठनंतर निघायचं, नाहीतर शनिवारी पहाटे. आणि एकदा पोचलो की सोमवारपर्यंत गाडीला हात नाही. नॉर्डनहून वाफेच्या इंजिनाची गाडी स्वानेजला जाते, मुलीला समुद्रापेक्षा तीच जास्त आवडली. आठवड्याच्या मधल्या दिवशी असाल तर लुलवर्थच्या लष्करी हद्दीतून तोफांचे आवाज येतात, दचकू नका. शनिवार-रविवारी तो भाग बहुतेक वेळा खुला असतो. १९४३ साली लष्करासाठी रिकामं केलेलं टाइनहॅम गाव तिथेच आहे, जरूर बघा.

आता आपल्या लोकांचा खरा विषय, स्वयंपाक. आमच्या पिचवर दहा अँपिअरची वीज होती, म्हणजे जेमतेम २,३०० वॉट. घरची तीन किलोवॉटची किटली लावली की फ्यूज उडणार, आणि खांबावरचा डबा कुलूपबंद असल्याने वॉर्डनला शोधत फिरावं लागणार. कमी वॉटची किटली घ्या आणि ती चालू असताना हीटर बंद ठेवा. कुकर गॅसवर. सिलिंडर लाल, म्हणजे प्रोपेनचा घ्या, कारण निळ्यातला ब्युटेन शून्याच्या आसपास गारठतो आणि मार्चमधल्या सकाळी शेगडी नुसती फुरफुरते. फोडणी आत कधीच नाही. एकदा गादीच्या कापडात हिंग-मोहरीचा वास बसला की तो व्हॅनबरोबर विकला जातो. आम्ही दोन बर्नरची शेगडी बाहेर उघड्यावर मांडतो. पाऊस आला तरी ऑनिंगमध्ये घ्यायची नाही, कार्बन मोनॉक्साइड थट्टा करत नाही. जुलैत पाऊस इतका होता की बहुतेक वेळा मुगाची खिचडी आणि पापड यावर भागवलं.

जून मात्र सोन्यासारखा गेला. ब्रिटनमधला तोवरचा सर्वांत उष्ण जून, आणि नेमके तेव्हाच आई-बाबा पुण्याहून आलेले. बाबा ऑनिंगमध्ये खुर्ची टाकून दिवसभर पेपर वाचायचे. आई दुसऱ्या दिवशी सकाळी मला टॉयलेटची कॅसेट, म्हणजे खालची काढता येणारी टाकी, चाकांवर ओढत नेताना बघत होती. परत आल्यावर हळूच म्हणाली, “अरे, हे रोज तुलाच करावं लागतं का?” हो, पाच माणसांत रोजच. कॅसेट वीस लिटरच्या आसपासची, त्यामुळे टाकी रिकामी करायची जागा पिचपासून किती लांब आहे ते आधी पावलांनी मोजा. निळं केमिकल घालायला विसरलात तर उन्हाळा तुम्हाला आठवण करून देईल.

व्हॅन एकाच जागी उभी राहिली की तिला वेगळे आजार होतात. नवीन येणाऱ्याला उरलेलं पिच मिळतं, आमचं सिकॅमोरच्या झाडाखाली होतं. त्यावरची मावा कीड चिकट रस गाळते, त्या रसावर काळी बुरशी धरते, आणि छत पंधरा दिवसांत स्वयंपाकघराच्या एक्झॉस्टसारखं दिसू लागतं. खिडकीच्या रबरात शेपटीला चिमटा असलेले तपकिरी किडे दाटीवाटीने बसतात. खिडकी उघडली की ओंजळभर खाली. निघताना फ्रीजचं दार किलकिलं ठेवायचं, गॅस सिलिंडरवरच बंद करायचा, थंडीच्या दिवसांत हीटरचं पाणी काढून टाकायचं. चाकांवर भार एकाच जागी राहू नये म्हणून मधूनमधून व्हॅन थोडी पुढे सरकवायची. सर्व्हिसिंगवाल्याला पुढच्या कोपऱ्यात ओल सापडली, मीटर वीस टक्क्यांच्या वर. जोडपट्टीचं सील गेलं होतं. वेळेत कळलं म्हणून थोडक्यात निभावलं. ओल तपासणी दरवर्षी कराच.

पाच ऑगस्टला अँटनी वादळ आलं. इशारा मिळाल्यावर आदल्या दिवशी आम्ही ऑनिंग उतरवून ठेवलं होतं. पलीकडच्या रांगेत एकाचे खांब वाकून शेजाऱ्याच्या खिडकीला टेकले. घरी बसून हवामानाचं ॲप बघत राहणं हा सीझनल पिचबरोबर फुकट येणारा ताप आहे. विमा कंपनीला व्हॅन कुठे उभी आहे हे लेखी कळवा, आणि चाकाचं क्लॅम्प व हिचचं (गाडीला जोडायच्या आकड्याचं) कुलूप या अटी वाचून घ्या.

एक खंत उरते. त्या वर्षी आम्ही वेल्सला गेलो नाही, लेक डिस्ट्रिक्टला गेलो नाही. पैसे भरलेत म्हणून प्रत्येक सुट्टी परबेकलाच. ज्यांना दर वेळी नवीन गाव हवं असतं त्यांना हे जुलैपर्यंत टोचायला लागेल. बायकोला टोचलं, मुलीला अजिबात नाही. तिला शेजारच्या पिचवरच्या मैत्रिणी मिळाल्या होत्या.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातल्या त्या तिशीपारच्या उन्हात समुद्र सर्वांत उबदार होता आणि शाळा सुरू झाल्याने किनारा रिकामा. पुढच्या सीझनची अनामत आम्ही तेव्हाच भरली, झाडापासून लांबचं, वरच्या रांगेतलं पिच मागून. मोठं ऑनिंग विकायला काढलंय, छोटं पोर्च पुरेल. कोणाला हवं असेल तर सांगा, खांब सगळे सरळ आहेत.