काकांच्या २८६ मध्ये एक्सटी-आयडीई आणि पिकोगस: चार महिने वापरून काय वाटलं

आधीच सांगतो, जुना डॉसवाला पीसी चालू ठेवायचा असेल आणि एकाच कार्डाचे पैसे असतील तर एक्सटी-आयडीई घ्या (जुन्या मशीनला नवी डिस्क किंवा मेमरी कार्ड जोडायचं कार्ड), पिकोगस हे साउंड कार्ड नंतर बघू. मी दोन्ही घेतली, दोन्ही आवडली, पण पहिल्याशिवाय माझं काम झालंच नसतं.

काम असं की साताऱ्याला आमच्या काकांची टायपिंग इन्स्टिट्यूट होती. १९९२ मध्ये त्यांनी एक २८६ (इंटेलच्या ८०२८६ प्रोसेसरचा पीसी) घेतला, १६ मेगाहर्ट्झ, १ एमबी रॅम, ४० एमबी हार्डडिस्क, आणि त्यात सीडॅक या सरकारी संस्थेचं जिस्ट कार्ड. हे कार्ड ज्यांनी बघितलं नाही त्यांना सांगतो, ते मदरबोर्डच्या स्लॉटमध्ये बसायचं आणि ते असलं की डीबेस, लोटस असल्या साध्या इंग्रजी डॉस प्रोग्रॅममध्येच देवनागरी टाइप व्हायची, स्क्रीनवर दिसायची. तेव्हा युनिकोड, म्हणजे आज सगळीकडे चालणारी अक्षरांच्या कोडची पद्धत, कुणाच्या गावी नव्हतं. काकांनी त्यावर विद्यार्थ्यांच्या याद्या, लोकांचे अर्ज, गल्लीतल्या गणेश मंडळाचे जमाखर्च, सगळं ठेवलं. मागच्या वर्षी मशीन माळ्यावरून खाली काढलं तेव्हा काकांनी एकच अट घातली, "अरे, जिस्टला हात लावायचा नाही, आहे त्या स्लॉटात राहू दे, बाकी काय ते कर."

उघडल्यावर पहिलं काम कार्डाबिर्डाचं नव्हतंच. मदरबोर्डवर ती निळी बॅरल बॅटरी असते ना निकेल-कॅडमियमची, ती फुटून आजूबाजूच्या ट्रॅकवर हिरवं साचलं होतं. ती कापून काढली, व्हिनेगरने पुसलं, मग आयसोप्रोपिलने, आणि बाहेरून सेलचा होल्डर लावला. कुणाच्या घरी २८६, ३८६ पडून असेल तर बाकी सगळं राहू द्या पण ती बॅटरी आजच काढा, प्लीज.

हार्डडिस्क तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नात फिरायची. आधी वाटलं नेटवर्क कार्ड टाकून एफटीपीने डेटा ओढू, म्हणून एनई२००० टाइपचं नेटवर्क कार्ड घातलं, पण एमटीसीपी (डॉसवर नेटवर्क चालवायचे प्रोग्रॅम) ठेवायचं तरी त्याच मरायला टेकलेल्या डिस्कवर, तिच्यावर काही लिहायची मला भीती वाटत होती. मग म्हटलं आयडीईला, म्हणजे हार्डडिस्कच्या जोडणीला, साध्या अडॅप्टरने कॉम्पॅक्टफ्लॅश (सीएफ) मेमरी कार्ड लावू. तर बायोसमध्ये (मशीन सुरू करणारा मदरबोर्डवरचा प्रोग्रॅम) ड्राइव्हचे ४७ टाइप छापील, त्यातलाच एक निवडायचा, स्वतःचे सिलिंडर-हेड-सेक्टर, म्हणजे डिस्कच्या मापाचे आकडे, टाकायची सोयच नाही! सीएफचे आकडे त्यातल्या एकाशीही जुळत नाहीत.

इथे एक्सटी-आयडीई कामाला येतं. ८ बिट आयएसए (जुन्या पीसीतल्या स्लॉटचा प्रकार) कार्ड आहे, ६२ पिनांच्या कुठल्याही स्लॉटमध्ये बसतं, म्हणजे १९८१ च्या मूळ आयबीएम पीसीपासून पुढे आयएसए असलेल्या जवळपास सगळ्या मशीनमध्ये. आयडीई ड्राइव्ह डेटा देतो १६ बिट आणि स्लॉट आहे ८ बिटचा, म्हणून कार्डावर एक लॅच चिप असते, ती अर्धा डेटा धरून ठेवते आणि दोन हप्त्यात देते. बाकी ७४ सिरीजच्या साध्या चिप आणि एक ईईप्रॉम, म्हणजे प्रोग्रॅम साठवणारी, परत लिहिता येणारी चिप. मला हे फार आवडलं, कारण उद्या काही उडालं तर पुण्यात तापकीर गल्लीत नाहीतर मुंबईत लॅमिंग्टन रोडवर फिरून चिप मिळण्यासारखी आहे आणि मी स्वतः बदलू शकतो. डिझाइन सगळं ओपन आहे, हौशी लोकांनी मिळून केलेलं, त्यामुळे तयार कार्ड घ्या किंवा पीसीबी बनवून स्वतः सोल्डर करा. मी तयार मागवलं, कस्टम धरून चार हजारांच्या आसपास गेले.

खरा जीव मात्र त्या ईईप्रॉममध्ये आहे, एक्सटीआयडीई युनिव्हर्सल बायोस. मशीनचा बायोस सुरुवातीला हा रॉम शोधून चालवतो, आणि मग ड्राइव्ह ओळखणं, एलबीए (मोठ्या डिस्कची जागा सरळ क्रमांकाने मोजायची पद्धत), बूट मेनू सगळं हा बघतो, जुन्या बायोसच्या टेबलला विचारायलाच जात नाही. मदरबोर्डला लावलेली जुनी डिस्कही तशीच चालू राहते! माझ्यासाठी हेच सगळ्यात मोठं, कारण सीएफवरून बूट करून जुन्या डिस्कवरच्या फायली नुसत्या डॉसच्या एक्सकॉपी कमांडने इकडे आणता येणार होत्या आणि जुन्या डिस्कवर एक बाइटही लिहायची गरज नव्हती.

पहिल्या दिवशी चाललं नाही. मशीन चालू, कार्डाचा बायोस स्क्रीनवर आला पण ड्राइव्ह सापडेना, मध्येच सगळं लटकायचं. दोन तास गेले. कारण साधं होतं, एक्सटी-आयडीईचा पोर्ट (मशीन कार्डाशी ज्या पत्त्यावर बोलतं तो) ३०० आणि मी घातलेल्या नेटवर्क कार्डाचाही ३०० च, दोन्हीची फॅक्टरी सेटिंग तीच. नेटवर्क कार्डाचा जंपर ३४० वर नेला आणि सीएफचं नाव स्क्रीनवर आलं. त्या काळी प्लग अँड प्ले, म्हणजे कार्डांची सेटिंग आपोआप होणं, नव्हतं, त्यामुळे नवीन कार्ड घालायच्या आधी मशीनमधल्या प्रत्येक कार्डाचा पोर्ट, आयआरक्यू (प्रोसेसरला हाक मारायची लाइन) आणि रॉमचा पत्ता वहीत लिहून काढा, मी आता तेच करतो.

तक्रारी पण आहेत. माझ्या कार्डाची कडा तासलेली नव्हती, सरळ कापलेली, स्लॉटमध्ये घालताना जोर लावावा लागला आणि तीस वर्षं जुन्या स्लॉटला जोर लावणं बरोबर नाही, शेवटी बारीक पॉलिश पेपरने उतार दिला. दुसरं, सीएफ कार्ड कुठलंही चालत नाही, माझ्याकडच्या तीनपैकी एक ओळखलंच गेलं नाही. आणि माहिती इतकी विखुरलेली आहे की नवीन माणूस घाबरतो. एक्सटीआयडीईसीएफजी नावाचा प्रोग्रॅम असतो, त्याने कार्डात बसवलेल्या ईईप्रॉममध्येच सेटिंग बदलून लिहिता येतं, पण हे मला कार्डासोबत कुणी सांगितलं नाही, शोधून काढावं लागलं. ४८६ वाल्यांनी थांबून विचार करावा, ८ बिटमुळे हे बोर्डवरच्या आयडीईपेक्षा हळू पडतं. तुमची अडचण फक्त ५०४ एमबीच्या मर्यादेची (जुन्या बायोसला त्याहून मोठी डिस्क वापरता येत नाही) असेल तर हाच बायोस ईप्रॉमवर लिहून नेटवर्क कार्डाच्या बूट रॉम सॉकेटमध्ये बसवा, पूर्ण कार्ड घ्यायची गरज नाही.

सीएफवर डॉस ६.२२ टाकलं, एकच मोठं पार्टिशन. जुन्या डिस्कवर डॉस ३.३ होतं, त्याला ३२ एमबीच्या वरचं पार्टिशन जमत नाही, म्हणून दुकानदाराने तेव्हा ३२ आणि ८ असे दोन तुकडे केले होते. काकांना डी ड्राइव्ह आठवतच नव्हता! गणेश मंडळाचे हिशोब त्या ८ एमबीत निघाले.

आता पिकोगसबद्दल थोडं. हे पण ८ बिट आयएसए, पण आत रास्पबेरी पाय पिकोवाली आरपी२०४० चिप, म्हणजे साउंड कार्डच १६ मेगाहर्ट्झच्या मशीनपेक्षा कितीतरी वेगवान. ते १९९२ च्या ग्रॅव्हिस अल्ट्रासाउंड या साउंड कार्डची नक्कल करतं, शिवाय ॲडलिब आणि साउंड ब्लास्टर २.० ची. एका वेळी एकच मोड, तो पीजीयूएसइनिट या प्रोग्रॅमने निवडायचा, मी ऑटोएक्झेकमध्येच (डॉस सुरू होताना आपोआप चालणारी फाइल) ॲडलिब लावून ठेवलाय. ज्या मशीनने आयुष्यभर फक्त स्पीकरची टूं टूं केली त्यातून एफएम सिंथचा आवाज पहिल्यांदा आला तेव्हा मी आणि काकांची नात दोघं तिथेच बसून राहिलो अर्धा तास. आवाज स्वच्छ आहे, यूएसबी गेमपॅड लागतो ही मोठी सोय. पण अल्ट्रासाउंडसाठी लिहिलेल्या बहुतेक गोष्टींना ३८६ तरी लागतो, डूमलाही लागतोच, त्यामुळे २८६ वर कार्डाचा अर्धा गुण वापरात येत नाही. ४८६ असेल तर डोळे झाकून घ्या.

परत डेटाकडे. सीएफ काढून रीडरने लॅपटॉपला लावलं की फायली समोर, पण त्या इस्कीमध्ये, म्हणजे युनिकोडच्या आधीच्या भारतीय लिप्यांच्या कोडमध्ये. इस्कीत खालचे १२८ कोड इंग्रजीचे आणि वरच्या १२८ मध्ये भारतीय लिपी, आणि युनिकोडचा देवनागरीचा तक्ता इस्कीवरूनच रचलेला असल्यामुळे अक्षरागणिक बदल करणं सोपं जातं, मी पायथनमध्ये छोटी स्क्रिप्ट लिहिली. यादी छापून काकांना दिली. त्यांनी चष्मा लावून, पेन घेऊन, जसे विद्यार्थ्यांचे कागद तपासायचे तशी तपासली आणि पहिल्याच ओळीतल्या "सातार्यातील" वर गोल केला. "हे मी असं टाइप केलेलं नाही, त्यात ऱ्य होता." बरोबर होतं त्यांचं. इस्कीत ऱ ला वेगळा कोड आहे आणि मी तो र बरोबर एकत्र करून टाकला होता. स्क्रिप्ट दुरुस्त केली, परत छापलं, मूळ मशीनवर जिस्टच्या स्क्रीनवर तीच फाइल उघडून शेजारी धरलं, आणि ओळ न् ओळ जुळल्यावर काका म्हणाले, आता बाकीच्या काढ.