थ्री नॉट थ्रीची ७.६२ करून घेतली: काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

ली-एन्फिल्ड नंबर ४, म्हणजे सगळ्यांच्या ओळखीची जुनी ब्रिटिश रायफल थ्री नॉट थ्री (.३०३), ती ७.६२ बाय ५१ मिमीच्या नाटो काडतुसासाठी कन्व्हर्ट करून घेतली त्याला आता बरेच महिने झालेत आणि रेंजवर भरपूर वापरून झालीये, म्हणून सविस्तर लिहितोय. काम लायसन्सवाल्या गनस्मिथकडून करून घेतलं, आधी परवान्यावर कॅलिबर बदलून घेतलं आणि शेवटी प्रूफ टेस्टही (जास्त दाबाचं काडतूस झाडून घेतलेली सुरक्षा चाचणी) झाली. घरच्या घरी करायचं हे काम नाहीच.

जुनी नळी पार झिजली होती, गोळी टार्गेटवर आडवी लागायची, आणि पुढचं लाकूड माझ्या आधीच कोणीतरी कापून टाकलं होतं. सगळे नंबर जुळणारी अस्सल रायफल असेल तर प्लीज हात लावू नका, तशा आता उरल्यात किती! कल्पना तशी नवीन नाही, ब्रिटिश आर्मीने स्वतःच नंबर ४ च्या स्नायपर रायफली ७.६२ करून एल४२ए१ या नावाने १९७० पासून वापरल्या. बरेच जण आपल्या ईशापूर कारखान्यात बनलेल्या २ए१ रायफलीला पण कन्व्हर्जन समजतात, पण ती १९६२ च्या युद्धानंतर ७.६२ साठीच नव्याने बनवलेली, जास्त मजबूत स्टीलची रायफल आहे, त्यामुळे तिच्याकडे बघून साध्या जुन्या मार्क ३ ची (नंबर ४ च्या आधीची ली-एन्फिल्ड) ७.६२ करायचा विचार डोक्यात आणू नका.

लोकांना वाटतं नळी बदलली की झालं. तसं नाहीये. थ्री नॉट थ्रीच्या काडतुसाला बुडाशी बाहेर आलेली रिम असते आणि काडतूस चेंबरमध्ये त्या रिमवर टेकतं, ७.६२ ला तशी रिम नाही, ते खांद्यावर टेकतं, म्हणजे बोल्ट हेड, एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी ओढून काढणारा आकडा), मॅगझिन सगळंच बदलावं लागतं. आणि खरी मजा किंवा खरी डोकेदुखी मॅगझिनमध्येच आहे. मला आधी जे मॅगझिन मिळालं त्याची ओठं (काडतूस धरून ठेवणाऱ्या वरच्या कडा) नरम होती, बोल्ट मागे ओढला की रिकामी पुंगळी बाहेर उडायच्या ऐवजी तिथेच लोळत राहायची आणि मग बोट घालून काढा. विकणाऱ्याने शेवटपर्यंत मान्य केलं नाही. मूळ मिलिटरी पॅटर्नच्या मॅगझिनला डाव्या ओठाच्या मागच्या टोकाला एक कडक दात असतो, पुंगळी त्याच्यावर आपटून बाहेर फेकली जाते, तसं मॅगझिन मिळाल्यापासून एकही पुंगळी अडकलेली नाही. कन्व्हर्जन ठरवायच्या आधी मॅगझिन हातात घ्या, नळीचं नंतर बघा.

आता प्रेशर, आणि इथे मी अजिबात तडजोड करत नाही. सीआयपीच्या (काडतुसांचे दाब ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था) आकड्यांनुसार .३०३ ची मर्यादा ३६५ मेगापास्कल आणि .३०८ विंचेस्टरची, म्हणजे ७.६२ च्या नागरी भावंडाची, ४१५, म्हणजे फरक चांगलाच आहे. एन्फिल्डचे लग, म्हणजे बोल्ट बंद धरून ठेवणारे दात, बोल्टच्या मागच्या बाजूला आहेत, फायर झाल्यावर बोल्ट आणि बॉडी किंचित दबते-ताणते, आणि काडतूस किंवा चेंबर ओलं किंवा तेलकट असेल तर पुंगळी चेंबरला धरून राहत नाही आणि सगळा धक्का बोल्टवर येतो. म्हणून पावसात ही रायफल मी बाहेरच काढत नाही, चेंबर कोरडा पुसल्याशिवाय पहिला राऊंड भरत नाही, आणि गरम लोड, म्हणजे जास्त दाबाची काडतुसं, तर नाहीच नाही. पुंगळ्या पुन्हा भरत असाल तर टोक वाकवलेली बारीक तार आतून बुडाजवळ फिरवून बघा, खाच लागली म्हणजे पुंगळी तिथे तुटायला आलीये, ती पुंगळी सरळ फेकून द्या, बाहेरून ती कितीही चकचकीत दिसू दे.

अचूकतेबद्दल मात्र मी प्रचंड खूश आहे. जड नळी, लाकडाला कुठेही न टेकणारी, त्यामुळे तापली तरी नेम सरकत नाही. शंभर मीटरवर एखादी चांगली माउझर रायफल हिच्यापेक्षा छोटा ग्रुप (गोळ्यांच्या भोकांचा पुंजका) देईल, पण पल्ला वाढला की ही रायफल सुधारते असं टार्गेट शूटर फार पूर्वीपासून सांगत आलेत, कारण त्या मागच्या लगमुळे नळी अशी हलते की जरा मंद गोळी किंचित वरच्या कोनात सुटते आणि लांबवर फरक भरून निघतो. सहाशेच्या पुढे मला स्वतःला ते दिसलं, ग्रुपची उंची जितकी वाढायला हवी तितकी वाढतच नाही. मागच्या साईटवरचे आकडे मात्र जुन्या .३०३ मार्क ७ काडतुसाच्या १७४ ग्रेन गोळीसाठी आहेत, त्यामुळे प्रत्येक अंतराला स्वतःचं सेटिंग काढून वहीत लिहून ठेवावं लागलं.

धक्का मला तरी जास्त वाटला नाही, वजन वाढलंय ना. उभ्याने मारताना तेच वजन हाताला येतं, झोपून मारणाऱ्यांना काही प्रॉब्लेम नाही. बोल्टची ती लोण्यासारखी चाल आहे तशीच आहे आणि दोन टप्प्यांचा ट्रिगरही मी तसाच ठेवलाय. हेडस्पेस (बंद बोल्ट आणि काडतूस यांच्यातली मोकळी जागा) गेजने दर सीझनला चेक करून घेतो, आतापर्यंत काही हललेलं नाही.